श्रावणजींचा स्पेन

आमच्या भिलाईतून पुष्कळ माणसं रशियाला पोलादाचं काम शिकायला गेली. परतताना कोणी केसाळ टोपी आणली, कोणी कॅमेरा, एकाने तर एवढी थोरली इस्त्री आणली. श्रावणजी लांजेवार रशियातून स्पेन शिकून आले.

आता स्पेन त्यांनी पाहिला होता म्हणाल, तर अजिबात नाही. वर्षभर ते रशियातल्या एका भट्टीपाशी उभे होते आणि उरलेला वेळ कुडकुडत होते. पण आमच्या कॅम्प-१ या कामगार वस्तीत कोणी कौतुकाने विचारलं, "श्रावणजी, कसा हाय रशिया?" तर ते दोन शब्दांत निकाल लावायचे, "थंड हाय." मग खुर्ची पुढे ओढायचे आणि म्हणायचे, "पण स्पेनमंदी असं नाही."

ही सगळी करणी मान्वेलची. मान्वेल म्हणजे त्यांना तिथे भट्टी शिकवणारा कारागीर. माणूस मूळचा स्पेनचा. त्याच्या लहानपणी तिकडे भाऊबंदांतच लढाई पेटली, गावावर बॉम्ब पडायला लागले, तेव्हा आईबापांनी पोरांना जहाजात बसवून रशियाला पाठवलं. थोड्या दिवसांनी न्यायला येतो म्हणाले. लढाई संपली, दुसरी मोठी लढाई झाली, तीही संपली, मान्वेलच्या डोक्यावर टक्कल पडलं, पण न्यायला कोणी आलं नाही. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रशियन लोक भराभर जेवून उठायचे. हा रिकाम्या ताटापुढे बसून राहायचा. त्याच्या घरी म्हणे जेवण झाल्यावर कोणी उठतच नसे, आज्यापासून नातवापर्यंत सगळे तिथेच गप्पा मारत बसायचे. एकट्याने बसलेला माणूस श्रावणजींना बघवला नाही. ते त्याच्यापाशी बसले आणि आपल्या मोडक्या रशियनमध्ये वर्षभर स्पेन ऐकत राहिले.

इकडे आल्यावर त्यांनी हेच सुरू केलं. प्लांटच्या कॅन्टीनमध्ये डबा संपला, भोंगा झाला, तरी हे बसलेले. फोरमन ओरडला, "लांजेवार, उठो!"

"साहब, स्पेन में खाना खाके ऐसा नहीं उठते."

"ये स्पेन नहीं है, भिलाई है!"

श्रावणजी उठले, पण फोरमनची कीव करत उठले.

घरी मात्र त्यांना उठवणारं कोणी नव्हतं. मूलबाळ नाही, नवरा-बायको दोघंच. जेवण झालं की उष्टा हात तसाच ठेवून हे पाटावर मांडी घालून बसायचे आणि स्पेनचा इतिहास सुरू व्हायचा. आवाज असा की आमच्या क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीला ऐकू जावा. मुसलमान राजांनी तिथे कशी संत्री लावली, लोक दुपारी दुकानं बंद करून कसे झोपतात, बैलाशी झुंजणारा माणूस आधी देवाला कसा हात जोडतो, हे कॅम्प-१ च्या बायकांना भांडी घासता घासता पाठ झालं होतं. त्यांची आवडती गोष्ट खलाशाची. राणीने त्याला जहाजं दिली, तो हिंदुस्थानात यायला निघाला आणि वाट चुकून भलतीकडेच पोचला. "वाट चुकला नसता ना भाऊ," श्रावणजी मला म्हणायचे, "तं आपला कारखाना स्पेनवाल्यानंच बांधला असता."

मधूनच सुगंधावहिनींचा आवाज यायचा, "हात वाळून राहिला ना जी! उठा आता."

"स्पेनमंदी कोणी उठत नाही."

सुरुवातीला त्यांनी वहिनींनाही आपल्याबरोबर जेवायला बसवायचा हट्ट धरला होता. वहिनी लाजून लाल झाल्या. "तुमच्या संग बसून जेवू? लोकं हासतीन!" हे जेवेनात, म्हणून त्याही जेवेनात. दोघं उपाशी. शेवटी श्रावणजी हरले. लाइनीत हा विनोद पुष्कळ दिवस पुरला, आणि सगळ्यात जास्त मीच पुरवला.

एका दुपारी त्यांची शिडी परत द्यायला मी मागच्या अंगणातून गेलो. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. वहिनी चुलीपाशी दाराकडे पाठ करून जेवत होत्या. भिंतीपलीकडच्या खोलीतून श्रावणजी मोठ्याने खलाशाची गोष्ट सांगत होते. मध्येच ते थांबायचे. वहिनी घास गिळून म्हणायच्या, "मंग?" की पुन्हा सुरू. वहिनींचं जेवण झालं, त्यांनी ताटात पाणी ओतलं. तो आवाज पलीकडे गेला मात्र, श्रावणजी खलाशाला भर समुद्रात सोडून हात धुवायला उठले.

मी शिडी भिंतीला टेकवून तसाच परतलो. ती जेवेपर्यंत हा माणूस बसत होता. मधे भिंत होती, म्हणून ओरडत होता. आणि आम्ही लेकाचे समजत होतो की भाषण आमच्यासाठी आहे. मला फार बरं वाटलं. कुणाला सांगितलं मात्र नाही.

पुढे वहिनींच्या पोटात दुखायला लागलं. दवाखाना झाला, नागपूर झालं. शेवटी शेवटी त्यांना उठवत नव्हतं, तेव्हा श्रावणजी खाटेशेजारीच दोन ताटं घ्यायचे. वहिनी दोन घास खायच्या. इतक्या वर्षांचा श्रावणजींचा हट्ट असा पुरा झाला. त्या दिवसांत आमच्या लाइनीला स्पेन ऐकू येत नव्हता, कारण आता ओरडायची गरज नव्हती. उन्हाळ्यात वहिनी गेल्या.

तेरावं झाल्यावर मी त्यांना जबरदस्तीने जेवायला आणलं. आम्ही दोघं बसलो, माझी बायको वाढत होती. श्रावणजी मुकाट्याने जेवले आणि लगेच उठले.

मी म्हणालो, "श्रावणजी, बसा ना. स्पेनमंदी कोणी उठते काय?"

"माह्या मांगून जेवणारं कोणी रायलं नाही, भाऊ," ते म्हणाले. "कोनासाठी बसू?"

ते अंगणात हात धुवायला गेले. आत बायकोने आपलं ताट वाढून घेतलं होतं, दाराकडे पाठ करून. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला जेवताना मी कधी पाहिलंच नव्हतं. मी पाटावर तसाच बसून राहिलो. हात वाळायला लागला. मग उगाच मोठ्याने म्हणालो, "अवं, आयकतं काय? स्पेनमंदी एक राजा होता. त्यानं एका खलाशाले जहाजं देल्ली..."

बाहेर पाण्याचा आवाज थांबला.

"राजा नाही, राणी," अंगणातून श्रावणजी म्हणाले. "नीट सांग. आत वहिनी जेवून राहिल्या."

मग फाटक वाजलं. ते घरी गेले होते.