आमच्यासाठी निघालेली वर्गणी

आमच्या मंडळाने गेल्या जानेवारीत संपत्तीचं फेरवाटप करून दाखवलं. वेस्ट फिलाडेल्फियात, ऐन थंडीत, एका इमारतीच्या तळघरात, श्रीमंत आणि गरीब यांच्यातलं अंतर आम्ही सहाशे बारा डॉलरनी बदललं. वाढवलं.

आता हे वाचलेलं विसरून जा. असं काही झालेलंच नाही. मंडळाच्या इतिवृत्तात त्या महिन्यापुढे 'समाजाकडून सभासदांना पुष्कळ काही मिळालं' एवढंच लिहिलंय, आणि त्यात एक अक्षर खोटं नाही.

तर जे झालेलं नाही, ते पहिल्यापासून सांगतो.

मी ऑगस्ट प्रुइट. माझ्या पणजोबांनी न्हाणीघराच्या पडद्यांच्या कड्यांचा कारखाना काढला. देशभरात सकाळी पडदा सरकवताना जो खर्र आवाज येतो, त्यावर आमच्या चार पिढ्या बसून खातायत. पर्सिस ही गोठवलेल्या मटारांच्या घराण्यातली. लँग्डनच्या घरच्यांचे सतरा शहरांत गाड्या लावायचे तळ आहेत. तो स्वतः सायकलवर फिरतो आणि ती लावायला त्याला कुठेही जागा मिळत नाही.

आम्ही तिघं आणि आणखी वीसेक जण मिळून हे मंडळ चालवतो. घरून आयतं मिळालेलं धन ज्यांच्या घामातून आलं त्यांच्याकडे परत पोचवायचं, हे आमचं काम. काम चांगलंच आहे, त्याची मी थट्टा करत नाही. थट्टा आमच्या नियमांची आहे. पहिला नियम: पैसेवाल्याने आधी तोंड उघडायचं नाही. दुसरा: श्रीमंती अंगावर मिरवायची नाही. तिसरा: टाळ्या नाहीत, कारण आवाजाने बुजऱ्या माणसावर दडपण येतं; म्हणणं पटलं की दोन्ही हात वर करून बोटं हलवायची. आणि चौथा, सगळ्यांत पवित्र: ज्यांचा प्रश्न त्यांचाच निर्णय, आपण त्यात मोडता घालायचा नाही.

या चार नियमांनी मिळून आमची जी वाट लावली, ती चार शत्रूंनाही जमली नसती.

झालं असं, की बाल्टिमोर ॲव्हेन्यूच्या मागे एक अकरा बिऱ्हाडांची इमारत विक्रीला निघाली. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत दोन लाख डॉलर इसार भरला, तर भाडेकरूंनी मिळून ती घ्यायची. नाही भरला, तर न्यू जर्सीची एक कंपनी घेणार आणि वसंत यायच्या आत अकराही बिऱ्हाडं रस्त्यावर. मंडळाने पैसे जमवले, माझ्या खात्यात ठेवले, आणि मी सभेत छातीवर हात ठेवून सांगितलं, "धनादेश द्यायचा आणि यायचं. पाच मिनिटांचं काम आहे."

वीस जणांनी बोटं हलवली.

भाडेकरू संघाच्या अध्यक्ष होत्या ओडेसा टॉलिव्हर. सगळी गल्ली त्यांना मिस ओडेसा म्हणते. बत्तीस वर्षं ट्रॉली, म्हणजे रुळांवरची ट्राम, चालवून निवृत्त झालेल्या. माणसाने पायरीवर पाय ठेवला की त्याच्याकडे तिकिटाचे पैसे आहेत की नाहीत हे आपण ओळखतो, असा त्यांचा दावा आहे, आणि तो खोडायची आजवर कुणाची हिंमत झालेली नाही.

मुदतीला बारा दिवस असताना, रविवारी, आम्ही तिघं ओळख करून घ्यायला तळघरात गेलो. इमारतीचा बॉयलर बंद होता. लँग्डनच्या अंगात कोपरावर फाटलेला कोट होता. तो तसाच फाटलेला विकत मिळतो आणि धड कोटापेक्षा महाग असतो, पण हे त्या कोटावर लिहिलेलं नसतं. पर्सिसने भावाचे बूट घातले होते. मी स्वतः स्वेटर उलटा घातला होता, कारण सुलट बाजूला महागड्या कंपनीचं नाव होतं.

आम्ही नियमाप्रमाणे गप्प बसलो. खुर्च्या यजमानांना सोडून जमिनीवर बसलो. कॉफी आली तेव्हा आधी तुम्ही घ्या, आधी तुम्ही घ्या, करता करता ती संपली. मिस ओडेसा इमारतीबद्दल बोलल्या, फार सुंदर बोलल्या, आणि आम्ही तिघांनी भारावून दोन्ही हात वर केले आणि बोटं हलवली.

मिस ओडेसा मध्येच थांबल्या. तळमजल्यावरच्या बेनितेझना हळूच म्हणाल्या, "पोरांच्या हातांना मुंग्या आल्यात बघ थंडीने. हातमोजेसुद्धा नाहीत बिचाऱ्यांकडे."

बेनितेझ प्लंबर आहेत. त्यांनी आपले कामाचे हातमोजे काढून लँग्डनला दिले. लँग्डनने माझ्याकडे पाहिलं. मी चौथा नियम आठवला. लँग्डनने हातमोजे घातले.

मग आमची पाळी आली. आमच्याकडे प्रथा आहे, की दुसऱ्याच्या घरी गेलं की आपल्या पैशाची कहाणी मोकळेपणाने सांगायची, काही लपवायचं नाही. मी उभा राहिलो आणि घसा साफ केला.

"मी आजवर एक दिवसही काम केलेलं नाही," मी म्हणालो. "माझे वडीलही करत नाहीत. आम्ही दुसऱ्यांच्या कमाईवर जगतो. रात्री मला त्याची लाज वाटते, झोप लागत नाही."

तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी डोळे पुसले.

"लाज कसली त्यात, बाळा," मिस ओडेसा म्हणाल्या. "वाईट दिवस सगळ्यांवर येतात. वडील पितात का?"

"थोडी," मी म्हणालो. कारण खरंच घेतात.

बाहेर पडल्यावर पर्सिस म्हणाली, "ऑगी, किती आपलेपणाने वागवलं त्यांनी आपल्याला. पैशाचा विषयसुद्धा काढला नाही."

शुक्रवारी त्या इमारतीच्या ओट्यावर तळलेल्या माशांच्या ताटांची विक्री होती. इथे कुणाच्या घरी अडचण आली, की शेजारी मासे तळतात, सोबत मॅकरोनी आणि कोबी वाढतात, आणि ताटांच्या विक्रीतून वर्गणी उभी करतात. अडचण कुणाची, हे विचारणं आम्हांला आगाऊपणाचं वाटलं. आम्ही रांगेत उभे राहिलो. पर्सिसने सहा ताटं घेतली.

"सहा?" बेनितेझ म्हणाले.

"बघ ना, कधीची उपाशी असेल," मिस ओडेसा कुजबुजल्या, आणि तिच्या ताटांत एकेक तुकडा जास्त टाकला.

पुढच्या रविवारी मी धनादेश पाकिटात घालून तळघरात पोचलो, तर टेबलावर आधीच एक पाकीट होतं. शेजारी तीन जाडजूड कोट, घड्या घालून.

"अकराही घरांनी मिळून ठरवलंय," मिस ओडेसा म्हणाल्या. "सहाशे बारा डॉलर आहेत. तिघांनी वाटून घ्या. नाही म्हणायचं नाही. एकमताने ठराव झालाय."

एकमताने. ज्यांचा प्रश्न त्यांचा निर्णय. आम्ही तिघं कोपऱ्यात गेलो.

"नाही म्हणूया," मी म्हणालो.

"म्हणजे त्यांनी घेतलेला निर्णय आपण फिरवायचा?" पर्सिस म्हणाली. "श्रीमंत माणूस नेहमी हेच करतो, ऑगी."

"पण पैसे त्यांचे आहेत."

"थोडे माझेही आहेत," पर्सिस म्हणाली. "सहा ताटांचे."

आम्ही पाकीट घेतलं. कोट घातले. कोट फारच ऊबदार होते, हे लपवण्यात अर्थ नाही. मग मी माझं पाकीट पुढे केलं. मिस ओडेसांनी धनादेश वाचला, माझ्या कोटाकडे पाहिलं, त्यांच्याच कोटाकडे, आणि कागदाची घडी घालून तो परत माझ्या खिशात ठेवला.

"माझा भाचा असेच धनादेश लिहायचा," त्या म्हणाल्या. "मनाने फार दिलदार. तीन महिने आत होता."

"मिस ओडेसा, हा वटेल."

"बाळा, समोरच्याचा वकील टपून बसलाय. आमचा कागद एकदा परत आला की व्यवहार मोडला. अकरा घरं आहेत. तुझ्या चांगुलपणावर मी ती लावू शकत नाही."

"पण मी श्रीमंत आहे."

"आहेसच," त्यांनी माझा गाल थोपटला. "आता मॅकरोनी खा."

आतापर्यंत हा विनोद होता. घरी येताना तो राहिला नाही. मुदतीच्या शुक्रवारला पाच दिवस होते, पैसे खिशात होते, आणि ज्या बाई ते घेऊन अकरा घरं वाचवू शकत होत्या त्यांना माझी दया येत होती. बँकेची हमी असलेला पक्का धनादेश आणायचं म्हटलं, तर एवढ्या रकमेच्या तशा धनादेशाला आमच्या घराण्याच्या पैशांची राखण करणाऱ्या मिस्टर क्रँडल यांची सही लागते. मी ठरवलं, एका दगडात दोन्ही कामं करू: बुधवारी मिस ओडेसांच्या समोरच क्रँडलना फोन लावू, म्हणजे बाईंची खात्रीही पटेल आणि सहीही मिळेल.

बुधवारी तळघरात आधी स्वतःच्या जिवावर एक प्रयत्न केला. "न्हाणीघराच्या पडद्याच्या कड्या असतात ना," मी म्हणालो, "त्या आम्ही बनवतो."

"त्या होय?" बेनितेझ म्हणाले. "दर सहा महिन्यांनी तुटतात. त्या विकून कोण श्रीमंत होतं?"

"दर सहा महिन्यांनी तुटतात म्हणूनच."

बेनितेझ विचारात पडले. मला वाटलं, जमतंय. पण मिस ओडेसांनी मान हलवली. "पोराला कुणी कारखान्यात सांगितलं असेल, आणि त्याने मनाला लावून घेतलंय."

मी फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"मिस्टर क्रँडल, माझ्यासमोर एक बाई बसल्यात. माझ्याकडे किती पैसे आहेत ते त्यांना सांगा, आणि दोन लाख लगेच मोकळे करा."

क्रँडल अगदी सावकाश म्हणाले, "ऑगस्ट, तू बसला आहेस की तुला बसवलंय?"

"तळघरात बसलोय."

"खोलीत किती माणसं आहेत?"

"नऊ. एकाच्या हातात पाना आहे. पण ते प्लंबर आहेत."

"तुझ्या आजीच्या पहिल्या घोड्याचं नाव काय?"

हा आमच्या घरचा खुणेचा प्रश्न. बरोबर उत्तर आलं की सगळं ठीक. मला सातवीपर्यंत पाठ होतं. "मोती?" मी म्हणालो. खरं तर मी काहीतरी इंग्रजी म्हणालो, पण तेही इतकंच चूक होतं.

"समजलं," क्रँडल म्हणाले. "धीर धर." फोन बंद झाला, आणि त्याबरोबर माझं खातंही. सात दिवसांसाठी. असा बंदोबस्त माझ्या आजोबांनी करून ठेवला होता, आणि तो उठवायची सोय त्यांनी कुणालाच ठेवली नव्हती.

"कोण होते?" मिस ओडेसांनी विचारलं.

"माझे पैसे सांभाळतात."

"मला तर डॉक्टर वाटले," त्या म्हणाल्या, आणि माझ्या अंगावर शाल टाकली.

गुरुवारी सकाळी क्रँडल स्वतः आले. करडा सूट, चकचकीत बूट, मागे दोन दांडगे रखवालदार. मिस ओडेसा दारातच आडव्या झाल्या.

"जर्सीच्या कंपनीचे का तुम्ही?"

"मी ऑगस्टला न्यायला आलोय, मॅडम. तुम्हांला किती हवेत?"

"आम्हांला कशाला? आम्हीच दिलेत त्याला. तीन पोरांत सहाशे बारा, वर कोट. आणि याला घाबरवू नका, याची प्रकृती नाजूक आहे."

क्रँडलनी आत डोकावून पाहिलं. मी दुसऱ्याच्या कोटात, तिसऱ्याच्या शालीत, मॅकरोनी खात होतो. मी घाईघाईने सगळा घोळ सांगितला. ओलीस नाही, वर्गणी. ते सुन्न होऊन खुर्चीवर बसले.

"तीस वर्षं मी या घराण्याचे पैसे सांभाळतोय," ते म्हणाले. "यांना काही देणारं माणूस मी पहिल्यांदा पाहतोय."

"मग खातं उघडा ना," मी म्हणालो. "उद्या शुक्रवार आहे."

"बुधवारशिवाय उघडत नाही. तुझ्या आजोबांची कृपा."

पर्सिस आणि लँग्डनच्या खात्यांवरही असेच कुणाचे ना कुणाचे आजोबा बसले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भिंतीकडे बघत होत्या. त्या भिंतीत त्यांची चाळीस वर्षं होती. पहिल्यांदा मला खरोखरच लाज वाटली, आणि ती सांगायला एकही नियम उपयोगी नव्हता.

मिस ओडेसा मात्र क्रँडलच्या बुटांकडे बघत होत्या. पायरीवर पाय ठेवणाऱ्याकडे बघावं तसं.

"तुमचा धनादेश वटतो," त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

"माझा? वटतो."

"बेनितेझ, भाड्याच्या वह्या आण."

क्रँडलनी चष्मा लावला आणि दोन तास वह्या वाचल्या. वीस वर्षांत अकरा घरांपैकी एकाचंही भाडं चुकलं नव्हतं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळत गेला. असं सुख मी त्यांच्या चेहऱ्यावर आमच्या कुठल्याच हिशेबाने आणलेलं पाहिलेलं नाही. शेवटी ते म्हणाले, की इसाराचे दोन लाख आपण स्वतःच्या खिशातून कर्जाऊ देऊ. साडेचार टक्क्यांनी.

"चार," मिस ओडेसा म्हणाल्या.

"चार," क्रँडल म्हणाले.

शुक्रवारी दुपारी इसार भरला गेला. जर्सीची कंपनी हात हलवत गेली. अकरा घरं जागच्या जागी राहिली. संध्याकाळी तळघरात क्रँडलचा सत्कार झाला. फेरवाटप न करता, व्याज घेऊन, त्यांनी एका दुपारात ते केलं जे आमच्या मंडळाला दोन आठवड्यांत जमलं नाही. भाषणात मिस ओडेसा म्हणाल्या, "या साहेबांनी आपल्याला घर दिलं, आणि या गरीब पोरांनी आपल्याला साहेब आणून दिला." आम्ही बोटं हलवली. कुणीतरी हीटर आमच्याकडे सरकवला.

बुधवारी खातं उघडलं. मी ते कर्ज फेडायला गेलो, तर संघाने ऐकून घेतलं नाही. सहाशे बारा परत द्यायला गेलो, तर ते सहाशे बाराचे आठशे झाले. सध्या दर रविवारी माझ्याकडे डबा येतो. लँग्डनला इमारतीमागे सायकल लावायला कायमची जागा मिळाली आहे. पर्सिस मासे तळायला शिकते आहे. आणि मी शेवटचा उपाय म्हणून खालील अर्ज दाखल केला आहे.

प्रति, मा. अध्यक्ष, भाडेकरू संघ.

विषय: श्रीमंत असल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते, की अर्जदार जन्मापासून श्रीमंत असून त्यात त्याचा स्वतःचा कोणताही हातभार नाही. सबब, प्रत्यक्ष पाहणी करून अर्जदारास तसा दाखला देण्यात यावा, आणि दाखला मिळताच अर्जदाराचे दोन लाख डॉलर विनाअट स्वीकारण्यात यावेत, ही नम्र विनंती. पाहणीसाठी येताना कृपया डबा आणू नये.