नजर टिकवणारं चित्र

मोघेकाका चित्र दाखवायला घरी बोलवायचे आणि आपण चित्राकडे बघू लागलो की स्वतः आपल्या डोळ्यांकडे बघत बसायचे. पाहुण्याच्या बुबुळांवर असा पहारा ठेवणारा चित्रकार मी तरी दुसरा पाहिला नाही.

"कुठे अडकली?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. म्हणजे नजर. "त्या निळ्यावर," असं आपण म्हणावं, तर लगेच, "खोटं! तुम्ही पंख्याकडे बघत होतात."

नव्वदच्या आसपास आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला पूनम सागर भागात आलो, तेव्हा ते समोरच्याच ब्लॉकमध्ये राहत होते. सगळी नोकरी जाहिरातींची चित्रं काढण्यात गेलेली. रिटायर झाल्यावर त्यांनी माणूस, झाड, गणपती सगळं सोडलं आणि रंगांचे नुसते चौकोन नि पट्टे धरले. "ओळखीचं काही दिसलं की माणूस त्याला नाव देतो आणि बघायचं थांबतो," म्हणायचे. "मला असं चित्र करायचंय, ज्यावर कुणाचीही नजर टिकेल. कुणाचीही!"

आमची काही टिकेना. त्यात घरोघरी नवीन केबल आलेली. पण माणूस हटणारा नव्हता. गॅसवाल्यालासुद्धा सिलिंडर खाली ठेवून चौकोन बघावे लागत.

शेवटी त्यांनी सगळ्यात मोठं चित्र खाली जिन्यापाशी टांगलं. नेमकं तेव्हाच सोसायटीत बिल्डिंग रंगवायचं घाटत होतं. झालं! लोकांना वाटलं, कॉन्ट्रॅक्टरने शेडचे नमुने लावलेत. चित्रासमोर ही गर्दी! सेक्रेटरी मेहताभाई म्हणाले, "ये बदामी सीढ़ी में मत मारो, पान का डाग दिखेगा." कुलकर्णीबाईंना राखाडी रंग सुतकी वाटला. कुणीतरी पिवळ्यावर पेनाने बरोबरची खूणही करून टाकली.

मला काकांची कीव आली. ते मात्र भलतेच खूश. "अहो, काय बघत होती माणसं! आपल्या घराचा रंग म्हटला की नजर हलत नाही. चला, धरा!" चित्राचं एक टोक माझ्या हातात देऊन ते जिना चढू लागले.

त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. काकू पलंगावर होत्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या बोलत नाहीत हे ठाऊक होतं. पण त्यांची नजर कशावरच ठरत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. काका समोर उभे होते, तरी ती त्यांच्यावरून सरकून निघून गेली.

काकांनी चित्र भिंतीला टेकवलं. "शालू, घर रंगवायचंय. तुझ्या समोरची ही भिंत कुठल्या रंगाची करू? तू म्हणशील तो."

काकूंची नजर फिरली, घसरली, पुन्हा आली. खालच्या कोपऱ्यात एक हिरवा तुकडा होता, तिथे थांबली आणि थांबूनच राहिली.

मला वाटलं, आता काका टाळी मागणार. त्यांनी मात्र एक बुटकं स्टूल ओढलं, बरोब्बर त्या हिरव्यापुढे ठेवलं आणि त्यावर बसले.

"अहो काका, हिरवा झाकला गेला ना!"

"जाऊ दे," काकूंच्या डोळ्यांत बघत ते म्हणाले. "मला कुठे बसायचं, तेवढंच कळायला हवं होतं."