एका रात्रीत एक मजला

आमच्या गॅलरीत तीन माणसं उभी राहिली की चौथ्याला श्वास घ्यायला आत यावं लागतं. अशा जागेत शेती करायचा निर्णय मी एका रविवारी दात घासता घासता घेतला. (माझे सगळे मोठे निर्णय तोंडात फेस असताना होतात. ते कुणाला नीट ऐकू येत नाहीत, त्यामुळे विरोधही होत नाही.)

आधी फक्त एक कुंडी आणणार होतो. पण एकटी कुंडी फार केविलवाणी दिसते, म्हणून तिला सोबत म्हणून गळका टब आला, मग कडी तुटलेली बादली, मग रंगाचे रिकामे डबे. टबात पालक पेरला, डब्यांत टोमॅटो आणि मिरच्या, बादलीत लाल भोपळा. शेवटी गॅलरीत बूड फोडून माती भरता येणार नाही अशी एकच वस्तू उरली, ती म्हणजे बायकोची वेताची खुर्ची. ती मी आत सरकवली.

मुलगी हॉस्टेलला शिकायला गेल्यापासून बायको सकाळचा चहा त्या खुर्चीत घ्यायची. चहा संपेपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घराचा कायदा होता.

"अहो, या घरात माझी म्हणून तेवढीच जागा होती," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी घाबरलो. "ठीक आहे. या हंगामात एक फळ धरून दाखवा. एकच. नाही धरलं तर तुमचे डबे खाली आणि माझी खुर्ची बाहेर."

मी छाती फुगवून हो म्हणालो. पुढे टोमॅटो वाळले, मिरच्यांवर कसलीशी कीड बसली आणि पालक उगवलाच नाही. मला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. मी ऑफिसात आवक-जावक विभागात असतो. आमच्याकडे आलेल्या कशालाच पुढे काही फुटत नाही, याची मला सवय आहे.

बादलीही थंडच होती. आणि मग एका रात्री वारा सुटला. खिडक्या आपटल्या, कुणाचे तरी कपडे उडाले, आणि सकाळी मी गॅलरीत जाऊन पाहतो तो काय! बादलीतून ही एवढी वेल निघाली होती. हिरवीगार, मनगटासारखी जाड होत गेलेली, ग्रिलला विळखे घालत सरळ वर, आमची गॅलरी ओलांडून वरच्या मजल्याच्या कठड्यापर्यंत गेलेली!

मी ओरडलो, "अगं ए, धावत ये! एका रात्रीत एक मजला!"

बायको आली. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं. "एका रात्रीत?"

"निसर्ग!" मी म्हणालो. जिथे मला साधा पालक उगवता आला नव्हता, तिथे एक चिमूटभर बी माझ्या झोपेत एवढी मजल मारून गेलं होतं. वेलीला नमस्कार करायचा तेवढा बाकी होता.

त्या दिवसापासून मी बदललो. गजराआधी उठून गॅलरीत जायचो आणि तोंड उघडं टाकून नुसता बघत बसायचो. वेलीला दोऱ्यासारखे बारीक हात फुटायचे. ते हवेत चाचपडत असायचे, आणि संध्याकाळी परत यावं तर त्यांनी कपड्यांची दोरी धरून तिच्याभोवती असे वळसे घेतलेले असायचे की सुबक स्प्रिंगच. ना डोळे, ना डोकं, तरी दोरी कुठे आहे हे त्यांना बरोबर कळायचं. (मला घरात माझा चष्मा सापडत नाही.)

एकच काळजी होती. वेल वर गेली होती, आणि वर हेडबाई राहत होत्या.

या बाई म्हणजे माझ्या शाळेच्या हेडबाई. मला गणित शिकवलेल्या. गेल्या वर्षी त्या आपल्या लग्नाच्या वयाच्या भाच्यासह बरोबर माझ्या डोक्यावर राहायला आल्या आणि जिन्यात पहिल्याच भेटीत त्यांनी मला ओळखलं. "तिसरा बाक ना रे तू? फळ्यावर एक गणित आणि तू सोडवायचास भलतंच! रीत बरोबर, गणित दुसरं. म्हणून मी तुला भोपळा दिला होता." हे माझ्या बायकोसमोर. तेव्हापासून मी जिन्यात त्यांच्याशी खाली मान घालूनच बोलतो. त्यांच्या गॅलरीत काय आहे, काय नाही, हे मला त्यामुळे कधी कळलंच नाही. आता माझी वेल न विचारता त्यांच्या कठड्यावर चढलेली. मी जिना टाळून लिफ्टने जाऊ लागलो.

फुलं आली. पिवळीधमक, तळहाताएवढी. रोज नवी येत, पण फळ काही धरेना. मग मी शिस्त लावली. फळ न देता नुसती फुलणारी फुलं मी पटापट खुडून टाकली.

बायकोने ती केराच्या डब्यात पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अहो, हे काय केलंत? हे नवरे होते!"

"कोण?"

"ही नर फुलं. यांचे पराग मादी फुलाला लागल्याशिवाय भोपळा धरत नाही."

"पण ते काही काम न करता नुसते मिरवत होते गं."

"म्हणूनच म्हणतेय, नवरे होते."

आणि हंगाम सरता सरता ते घडलं. एका सकाळी आमच्या गॅलरीत पहिलं मादी फूल उघडलं. देठाशी सुपारीएवढा हिरवा गोळा, वर पिवळा कटोरा, आणि आत जणू दिवा लावलेला. बायको चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी आली आणि चहा प्यायची विसरली. आम्ही दोघं काही न बोलता उभे राहिलो. लग्नानंतर आम्ही इतके गप्प फक्त भांडणातच राहिलो असू.

"दुपारच्या आत मिटेल हे," ती हळूच म्हणाली. "आणि तुम्ही सगळे नवरे केरात घातलेत."

मी ग्रिलमधून मान बाहेर काढून वर पाहिलं. वरच्या कठड्यावर एकच नर फूल उमललेलं होतं. ऐटीत ऊन खात होतं. पण ते बाईंच्या हद्दीत! डबे राहणार की जाणार, हे आता त्या एका फुलावर होतं.

मी जिना चढलो. दार बाईंनीच उघडलं.

"काय रे तिसरा बाक?"

मी खाली मान घातली. "बाई, ते... आमची तुमच्याकडे वर येते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल."

"तुझी? कधीपासून?"

"त्या वाऱ्याच्या रात्रीपासून. ग्रिलवरून."

"ग्रिलवरून!" बाईंनी दाराची चौकट धरली. "आणि तू बाप असून तिला अडवलं नाहीस?"

(बाप म्हटल्यावर मला भरूनच आलं.) "अडवतो कशाला? मला अभिमान वाटला. आता विषय असा आहे की तुमच्या गॅलरीत तो आहे ना, पिवळा... सकाळी ऊन खात असतो तो."

पिवळा बनियन घालून बाईंचा भाचा आतून डोकावला. मी त्याच्याकडे लक्ष न देता बोलतच राहिलो.

"तो मला हवाय, बाई. आमच्यासाठी. आजच, दुपारच्या आत."

"अरे, अशी घाई काय? हॉस्टेलवरून पळून येत असली तरी तुझी मुलगी शिकतेय ना अजून? तिला विचारलंस?"

"तिला काय विचारायचंय? आज सकाळीच उमललीय. आणि मला तो कायमचा नकोच आहे. एकदा काम झालं की टाकून देईन."

भाचा मटकन खुर्चीत बसला.

"फक्त त्याच्या पाकळ्या मी आधी सोलून काढणार," मी समजावलं.

"पाकळ्या?" बाई म्हणाल्या. मग एकदम त्यांचा चष्मा खाली घसरला आणि त्या हसू लागल्या. शाळेत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते हसू आहे हे मला जरा उशिराच कळलं. "भोपळ्याचं फूल! मेल्या, मग भोपळ्याचं म्हण ना! चल आत."

गॅलरीत त्यांनी मला कठड्यापाशी उभं केलं आणि पट्टीने दाखवावं तसं बोटाने दाखवलं. "वेल कुठून कुठे जाते? जाड टोक कुठे, बारीक टोक कुठे?"

मी बघत गेलो. बारीक टोक खाली, आमच्या बादलीत शिरलेलं. वर येता येता वेल जाड होत गेलेली आणि शेवटी, बाईंच्या गॅलरीतल्या मोठ्या पिंपात, मुळाशी जाऊन थांबलेली.

"त्या रात्री वाऱ्याने खाली कोसळली. मला वाटलं, सांभाळतोय, तर सांभाळू दे."

खालून बायको ओरडली, "मिळाला का हो नवरा?"

बाई कठड्यावरून वाकल्या. "नवरा आमचा आणि नवरीही आमचीच आहे गं! तुमच्याकडे फक्त कार्यालय."

मग बायकोचा आवाज आला, "अहो, नोकरीत काय करता तुम्ही? आवक-जावकच ना? वेल आली की गेली, एवढंही कळलं नाही?"

पण फूल मिटत आलं होतं. बाईंनी नर फूल खुडून आणलं, आम्ही खाली धावलो, आणि ते काम त्यांनी मलाच करायला लावलं. मी पाकळ्या काढल्या. आतला पिवळा दांडा मादी फुलाला हळूच टेकवला. बोटाला थोडी धूळ लागली, बस्स. एवढ्याशा धुळीतून भोपळा होतो म्हणे! बाई आणि बायको दोन्ही बाजूंनी वाकून बघत होत्या. इतकं मोठं काम माझ्या हातून कधी झालेलं नव्हतं.

आणि भोपळा धरला! दिसामाशी नव्हे, तासातासाला वाढला. बायकोने आपल्या जुन्या ओढणीची झोळी करून तो ग्रिलला टांगला. मग 'फळ बाईंचं' असं म्हणत तिने रिकामे डबे स्वतः खाली नेले आणि झोळीसमोर आपली वेताची खुर्ची मांडली. सकाळी ती चहा घेत त्याच्याकडे बघते. मी तिच्या मागे उभा राहतो. चहा संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

तो केशरी पिकला तेव्हा बाई सुरी घेऊन आल्या. टिचकी मारून पाहिली, देठ कापला आणि भोपळा अख्खा माझ्या हातांत ठेवला. मला धरवेना एवढा जड.

"रीत एकदम बरोबर होती रे," त्या म्हणाल्या. "गणित मात्र दुसऱ्याचं. तेव्हा जे दिलं होतं तेच घे. आणि उद्या पालकांची सही घेऊन ये."

मी भोपळा पोटाशी धरून टबाकडे पाहिलं. पालक माझ्याकडे अजूनही उगवलेला नव्हता.