बनुबाईंचा ब

बनुबाई गेल्या त्याच्या आदल्या दिवशी, श्रीरामपूरच्या स्टँडवर उतरतानाच ज्ञानेश्वरीने त्यांना, आपल्या आईला, सांगून टाकलं की दहा मिनिटांचं काम आहे. पतसंस्थेतला लॉकर उघडायचा, भाचीच्या लग्नात घालायची नथ काढायची, परत फिरायचं. वीस वर्षं वकिलाकडे दस्त टाइप करणाऱ्या बाईला काउंटरची कसली भीती!

काउंटरमागे कानिफनाथ नावाचे अधिकारी होते. त्यांनी बनुबाईंची सही घेतली, चार वर्षांपूर्वीचा फॉर्म काढला आणि सोयरीक मोडायला बसलेल्या मामासारखे दोन्हींकडे पाहत राहिले. सही जुळत नव्हती. बनावट वाटत होती. अंगठा लावला तर मात्र लॉकर लगेच उघडणार होता.

अंगठा म्हणताच बनुबाई खुर्चीत ठाण मांडून बसल्या. साठीत पाटी घेऊन लेकीसमोर बसलेली बाई ती. आता आपला अंगठा फक्त भाकरी थापायला, असं तिने गावभर सांगितलं होतं.

"ज्ञाने, तू वकिलाकडं असती. बनावट म्हंजी काय गं?"

ज्ञानेश्वरीची जीभ सवयीने चालू लागली. एकाची सही दुसऱ्याने करायची आणि ती त्याचीच आहे असं भासवायचं, तो खोटा दस्तऐवज. पण तेवढ्याने गुन्हा होत नाही. फसवायचा किंवा नुकसान करायचा हेतू लागतो.

"मंग ही तर म्या सायबाम्होरं केली. खोटी कशी?"

कानिफनाथांनी फॉर्म पुन्हा उजेडात धरला. ज्ञानेश्वरीने नजर चोरली. कारण खोटी होती ती फॉर्मवरची. तेव्हा आईचा ब चौकटीबाहेर सांडून दोन फॉर्म वाया गेले होते, कारकून वैतागला होता, आणि आई पाणी प्यायला गेली तेवढ्यात लेकीने तिसऱ्यावर आईची सही ठोकली होती. परत आलेल्या आईला तिने सांगितलं, तुझी दुसरी सही चालली.

आता खरं बोलावं तर आईचा मान जाणार, न बोलावं तर नथ. एवढ्यात बनुबाईंनीच फॉर्म मागून घेतला, चष्मा लावला आणि एका रद्दी कागदावर आठ वेळा गिरवून नवव्यांदा हुबेहूब सही लॉकरच्या नोंदवहीत काढली. कानिफनाथ खुलले. आता कशी खरी वाटते, म्हणाले. लॉकर उघडला.

परतीच्या एसटीत बनुबाईंनी पदरात बांधलेली नथ चाचपली.

"त्या फार्मावरचा ब लई देखना हाय. माजा असा कदी आलाच न्हाई," म्हणाल्या, आणि स्वतःशीच हसल्या.

ज्ञानेश्वरी खिडकीबाहेरचा ऊस पाहत राहिली. घरी गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. घरी पाहुणे होते. मग उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आधण ठेवता ठेवता आई गेली.

तेराव्यानंतर ती लॉकर बंद करायला गेली. वहीत शेवटची नोंद आईचीच होती. नववी सही, हुबेहूब. ज्ञानेश्वरीने त्या बवर बोट ठेवलं. समोर कानिफनाथ बसलेले, कलमं तिला तोंडपाठ, तरी ती मोठ्याने म्हणाली,

"आई, फॉर्मवरची सही माझी होती. हेतू वाईट नव्हता गं. पण तुझा ब येईपर्यंत मी थांबायला हवं होतं."