बेबी फूड, मुक्काम पोस्ट नंदुरबार

विमानात नातवाचं दूध सांभाळायचं काम माझ्यावर कुणी लादलं नव्हतं, मी ते मागून घेतलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात दुसऱ्या कुणाचं नाव गोवायची सोय नाही.

आमची स्वप्नाली कॅनडात असते. आठ महिन्यांच्या भाग्येशला घेऊन ती नंदुरबारला आली होती. परत जाताना सोबतीला कोण, हा प्रश्न आला. जावई भूपेशरावांना रजा नव्हती (जावयांना ती कधीच नसते, फक्त फर्माईश असते). मी नुकताच कचेरीतून निवृत्त झालेलो, म्हणजे मला रजाच रजा. मी जाहीर केलं, "मी येतो. आणि पोराच्या दुधाचं खातं माझ्याकडे."

आमची सिंधुबाई भाकरी थापता थापता थांबली.

"तुम्हनाकडे?"

"का? आपण दोन मुलं वाढवली नाहीत?"

"आपण? बारसाले बी तुम्ही उशिरा उनात!"

(मार्चअखेर होती. पण हे कारण तिला अजून पटलेलं नाही.)

स्वप्नालीनं मला शिकवलं. बाटल्या उकळायच्या, पाणी कोमट हवं, पावडरचा चमचा सपाट भरायचा, शीग लावायची नाही. मी मान हलवत होतो. सरकारी प्रशिक्षणाला जाऊन जाऊन मला काहीही न ऐकता मान हलवायची उत्तम सवय झाली आहे.

तेवढ्यात भूपेशरावांचा फोन आला. "मामा, इथल्या मिरचीला नुसता रंग असतो हो. आपल्या धानोऱ्याची आणाल का थोडी?" जावई स्वतःहून काही मागतो म्हटल्यावर माझी छाती फुगली. मी धानोऱ्याला भावाकडून मिरची आणली, कुटून घेतली आणि बॅगेत भरली. बॅगा वजनासाठी माणकचंद शेठच्या किराणा दुकानात धान्याच्या काट्यावर ठेवल्या, तर काटा पार पलीकडे गेला.

"लोटनभाऊ," शेठ म्हणाले, "मोह कमी करा, वजन आपोआप कमी होईल."

मोह कमी करण्याचं काम स्वप्नालीनं केलं. तिनं मिरचीची पिशवी उचलली आणि माझ्या हातात ठेवली. "आप्पा, मिरची नाही म्हणजे नाही."

पण जावयाला शब्द दिलेला! आमच्या घरात दुधाच्या पावडरचा रिकामा डबा कुणी टाकत नाही. एकात तूरडाळ, एकात मोहरी, एकात शर्टाची बटणं. एक डबा मोकळा होता. मी त्यात मिरची दाबून भरली, झाकण लावलं आणि डबा बाळाच्या निळ्या पिशवीत ठेवून दिला. बाळाच्या खाण्याला विमानात कुणी काही विचारत नाही, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. (कोणी ते आता आठवत नाही. बहुतेक मीच.)

निघायच्या सकाळी स्वप्नाली दुधाचा भरलेला डबा घेऊन आली आणि पिशवीत आधीच एक डबा बघून थबकली.

"आप्पा! तुम्ही डबा भरलासुद्धा?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं ती फक्त आईकडे बघते. मग तिनं आपल्या हातातला खरा डबा विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत टाकला. मिरची काढल्यामुळे तिथं जागा झालीच होती. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. पण आमच्या घरात माझं कौतुक इतक्या दिवसांनी होतं, की आलेलं परत करवत नाही. शिवाय तिच्याजवळ मोजलेल्या पावडरची तीन खणांची डबी होती. ती पुरेल, असं मी ठरवून टाकलं.

पहिलं विमान छान गेलं. भाग्येश प्यायला, झोपला, शेजारच्या माणसाचा चष्मा ओढला. आखातात उतरायच्या आधी स्वप्नालीनं डबीतले उरलेले दोन्ही खण रिकामे करून दोन बाटल्या तयार केल्या. "एक उतरल्या उतरल्या, एक पुढचं विमान सुटताना. मग मोठा डबा उघडू."

पुढचं विमान तेरा तासांचं होतं. तपासणी झाली की गुपचूप दुकानातून दूध घेऊ, असा विचार करून मी पुन्हा गप्प बसलो.

तपासणीला स्वप्नाली बाळाला घेऊन बायकांच्या रांगेतून पुढं गेली. निळी पिशवी माझ्याकडे. तिथल्या साहेबानं नेमका तो डबा बाहेर काढला, झाकण उघडलं आणि आत बघतच राहिला.

"व्हॉट इज धिस?"

"बेबी फूड."

"रेड?"

"बीटरूट," मी म्हणालो.

त्यानं डब्यातला मापाचा चमचा माझ्यापुढं धरला. "टेस्ट, प्लीज."

आता खरं सांगून मोकळं होता आलं असतं. पण एकदा दिलेला जबाब बदलायचा नाही, या एका नियमावर मी आयुष्यभर नोकरी केली. मी चमचा भरला (सपाट, शीग न लावता) आणि तोंडात टाकला.

धानोऱ्याची मिरची आधी काहीच बोलत नाही. मग एकदम बोलते. माझे कान गरम झाले, डोळ्यांना धारा लागल्या, आणि टाळूवर कुणीतरी तवा टेकवल्यासारखं झालं.

"बेबी ईट्स धिस?" साहेबानं घाबरून विचारलं.

"इन नंदुरबार," मी कसाबसा म्हणालो, "एव्हरी डे."

एवढंच बोलवलं. पुढचं तोंड करत होतं, मी नव्हे. मी पिशवीतली बाटली खेचली. निप्पल काढायचं भान कुणाला? ते 'सहा महिन्यांपुढील' होतं, अठ्ठावन्न वर्षांपुढील नव्हतं, त्यामुळे धार बारीक. मी जिवाच्या आकांतानं चोखत होतो. मागं साऱ्या जगातले प्रवासी रांगेत उभे होते आणि एक लहान मुलगी मला बोटानं दाखवत होती. पहिली बाटली संपली, आग गेली नाही. मी दुसरी लावली. साहेबानं डबा दोन बोटांनी उचलून कचऱ्यात टाकला आणि मला हातानंच पुढं जायला सांगितलं.

पलीकडे भाग्येश भुकेनं रडायला लागला होता. स्वप्नालीनं बाटली मागितली. मी रिकाम्या बाटल्या दाखवल्या. चिडली की माझी मुलगी कॅनडातून थेट खानदेशात येते.

"आप्पा, डबामा काय व्हतं?"

"मिरची."

"नि बाटलीमातलं दूध?"

"प्यायलो."

"कोन?"

"मी."

"आते पोऱ्याले काय पाजू? मिरची?"

मग ती रडली. रागानं नाही, भीतीनं. तेरा तास, आणि पोर उपाशी. मला त्या क्षणी माझी इतकी लाज वाटली, की मिरचीची आग बरी. तिनं भाग्येशला माझ्या हातात कोंबलं आणि दुकान शोधायला धावत सुटली. गेट बंद व्हायची वेळ झाली होती.

तेवढ्यात सिंधुबाईचा व्हिडिओ कॉल आला.

"आई वं! दोन्ही रडी ऱ्हायनात! काय व्हयनं?"

मी जळणारी जीभ बाहेर काढून दाखवली. तिनं पुढं विचारलं नाही. "पोऱ्याले उभा धरा. पाठवर हात फिरावा. नि तुम्ही जीभ बाहेर काढू नका, तो भिई ऱ्हायना!"

मी जीभ आत घेतली. भाग्येशनं हुंदका गिळला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. माझ्या हयातीत मूल रडायचं थांबवल्याची ही पहिली वेळ, आणि तीही फोनवरच्या सूचनांनुसार.

गेटवरची बाई शेवटची हाक देत होती, तेव्हा स्वप्नाली डबा छातीशी धरून धापा टाकत आली. विमानात चढल्या चढल्या तिनं गरम पाणी मागितलं, बाटली भरली, आणि भाग्येश अख्खी बाटली पिऊन झोपला. तिनं मला पिशवीला हात लावू दिला नाही. मला लागलेली भूक मात्र कुणी विचारली नाही. जेवणाची भाजी जिभेला लावताच मी ओरडलो. हवाईसुंदरीला दया आली आणि तिनं बाळांसाठी ठेवलेली गाजराची बाटली मला दिली. मी ती संपवली. मग आणखी एक. आईला नंतर फोनवर स्वप्नालीनं सांगितलं, "पोराचं काही नाही गं. आप्पांनाच भरवावं लागलं."

कॅनडात भूपेशराव हसतमुखानं पुढं आले. "मामा, मिरची?"

"पोटात आहे," मी म्हणालो.

महिन्याभरानं मी एकटाच परत निघालो. विमानात जेवणं वाटायच्या आधीच एक हवाईसुंदरी छोटा ट्रे घेऊन माझ्या रांगेशी थांबली. तिनं हातातला कागद बघितला, माझ्या सीटचा नंबर बघितला, मग वाकून सीटखालीही बघितलं.

"सर, बेबी मील. व्हेअर इज द बेबी?"

तिकिटाबरोबर ते स्वप्नालीनंच सांगून ठेवलं होतं. मी हात वर केला. तिनं ट्रे माझ्यापुढं ठेवला आणि शर्टावर सांडू नये म्हणून माझ्या गळ्याशी नॅपकिन बांधून गेली.