भागुजींच्या बोटाचा तपास

भागुजींनी संध्याकाळी उजव्या पायातला बूट काढला, तेव्हा त्यातून हरभऱ्याएवढा खडा खाली पडला. सकाळी नारायणगावच्या बाजाराला निघताना तो आत गेला असणार. म्हणजे दिवसभर तो बोटाखाली होता आणि भागुजींना पत्ताच नव्हता. मोजा रक्तानं चिकटला होता. "दुखत तर न्हाई," असं म्हणून ते हळद लावून मोकळे झाले. तीन आठवड्यांनीही बोट दुखत नव्हतं, फक्त सुजलं होतं आणि त्याला वास यायला लागला होता. तेव्हा त्यांच्या बायकोनं, यशोधराबाईंनी, त्यांना स्कूटीच्या मागच्या सीटवर घातलं आणि वारूळवाडीच्या डॉक्टर वैजयंतींसमोर नेऊन उभं केलं.

डॉक्टरांनी बोट पाहिलं, साखर तपासली आणि चष्मा काढून ठेवला.

"दोनशे साठ. काका, साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्यात, म्हणून दुखत नाही. जखम झाली की तिथून रक्तात सांगावा जातो. तो ऐकून पांढऱ्या पेशी धावत येतात आणि जंतू गिळतात. पण साखर इतकी वाढली की त्यांना सांगावा नीट कळत नाही. उशिरा येतात, आणि आल्या तरी गिळायचं काम धड करत नाहीत."

भागुजी एकदम ताठ बसले. "म्हंजी नॉईज हाय!"

डॉक्टरांना कळेना. यशोधराबाईंनी कपाळाला हात लावला, कारण त्यांना लगेच कळलं होतं.

भागुजींची सगळी नोकरी खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर झाली होती. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात, की गावातली एखादी ठिणग्या उडवणारी मोटार किंवा बिघडलेली ट्यूब त्यांचा पार विचका करते. असला गोंगाट, म्हणजे नॉईज, कुठून येतो ते हुडकत जीपमधून हातात अँटेना घेऊन गावोगाव हिंडायचं, हे भागुजींचं काम. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, मधुमेह निघूनही तेवढीच, तरी त्यांचे पाय घरात ठरत नव्हते.

"दहा दिवस गोळ्या आणि रोज ड्रेसिंग," डॉक्टर म्हणाल्या. "पायावर भार द्यायचा नाही. साखर उतरली नाही तर बोट काढायला पुण्याला पाठवावं लागेल. मी घाबरवत नाहीये, खरं ते सांगतेय."

भागुजी घाबरलेच होते. पण त्यांच्या भीतीला बसून राहणं जमत नसे, तिला लगेच काहीतरी काम लागे. घरी येताच त्यांनी तपास सुरू केला.

जुनी पद्धत सोपी होती. एकेक मोटार बंद करायची आणि गोंगाट कमी होतो का ते बघायचं. पहिल्या दिवशी त्यांनी गूळ आणि साखर पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं.

"मी काय आमटीत गूळ ढकलते व्हय?" यशोधराबाईंनी विचारलं.

"तुझ्यावर डाऊट न्हाई गं. तपासात समद्यांना सारखंच धरायचं असतं. बोट दे."

"कशाला?"

"तुझी साखर बघतो. तू आन् मी एकाच टोपातलं खातो न्हवं?"

त्यांनी यशोधराबाईंचं बोट टोचलंसुद्धा. चौऱ्याण्णव आली. भागुजींनी वहीत 'आमटी: निर्दोष' असं लिहिलं. यशोधराबाई बोट तोंडात धरून चुलीपुढे गेल्या आणि रात्रीपर्यंत भांडी आपटत राहिल्या. भागुजींच्या ते लक्षातही आलं नाही, तपास रंगात आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखर दोनशे पंच्याऐंशी. घरातलं सगळं गोड तर कुलपात. "मग सोर्स भाईर हाय," भागुजी म्हणाले आणि त्यांनी स्कूटीची किल्ली उचलली.

"डॉक्टरनं पाय टेकू नका म्हणून सांगितलंय!"

"टेकतोय कुठं? गाडीवर चाललोय."

पहिला संशय दुधावर होता. रतीब साळुबाईंचा, आणि त्यांच्या म्हशीला उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, पडायचं. साळुबाईंनी ओट्यावर घोंगडी टाकली, चहा ठेवला आणि भागुजींचा प्रश्न ऐकून घेतला.

"म्हशीला शुगर? आवो, ती गाभण हाय, आजारी न्हाई."

"एकच थेंब. कानाला टोचतो."

"टोचा बाई. पन म्या सांगितलं न्हाई म्हणू नगा."

म्हशीनं मान हलवली नाही, पाय हलवला. दुधाची बादली लवंडली, ग्लुकोमीटर शेणात गेला आणि भागुजी गव्हाणीत बसले. साळुबाईंनी त्यांना उठवलं, धीराला आणखी एक कप चहा पाजला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला बातमी पोचवली.

पुढचे दिवस भागुजींना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पिठाच्या गिरणीत कोणाच्या दळणात काय मिसळतं, शेजारच्या मळ्यात कसली फवारणी चालते, नळाचं पाणी कुठून येतं. ते दारात आले की घरातली बाई आधी आधण ठेवायची आणि मग विचारायची, "भाऊ, आज काय शोधताय?" धुऊन पुसलेल्या ग्लुकोमीटरवर साखर रोज चढत होती. तीनशे दहा. तीनशे वीस. त्यांना उलट हुरूप आला. नोकरीतला अनुभव असा होता, की गोंगाट वाढत गेला म्हणजे आपण मुळाच्या जवळ पोचत असतो.

"जवळ आलोय," ते ड्रेसिंग करून घेताना म्हणाले. यशोधराबाईंना बोटाच्या कडेला काळसर रेघ दिसली.

आठव्या दिवशी भागुजी गेणभाऊंच्या ओसरीवर होते. गेणभाऊंचा ऊस विहिरीला लागूनच, आणि वाडीचं पाणी त्याच विहिरीचं.

"माझ्या उसाची साखर इहिरीत उतरती व्हय, राव?" गेणभाऊ तापले. "मग कारखान्याला कशाला घालू? पानीच इकतो की!"

"तापू नगा. आज तीनशे चाळीस आलीय. सोर्स इथंच हाय, दहा-पंधरा फुटात." भागुजींनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली.

तेवढ्यात यशोधराबाई ओसरीच्या पायरीशी आल्या. ड्रेसिंगची वेळ टळून गेली होती, म्हणून त्या चालत शोधायला निघाल्या होत्या. त्यांनी बशीकडे पाहिलं.

"ह्यो कितवा?"

"काय कितवा?"

"च्या."

"मी कुठं च्या घेतोय? मी तर बिनसाखरेचाच पितो, तुला ठाव हाय. ह्यो गेणभाऊनं दिलाय."

"आन् साळुबाईनं दिला त्यो?"

"त्यो बी तिनंच दिला. लोकाच्या दारात न्हाई म्हणायचं का? मान असतो त्यो."

"आज किती घरचा मान घेतला?"

भागुजींनी बोटं मोजली. "नऊ."

गेणभाऊ खाकरले. "आमच्यात साखर जरा जादाच टाकत्यात, भाऊ. पावण्याला फिका च्या दिला तर बरं दिसत न्हाई."

बशी अजून भागुजींच्या हातात होती. गेली तीन वर्षं ते वेळ जात नाही म्हणून वाडीभर हिंडत होते आणि घरोघर मान घेत होते. या आठवड्यात तर त्यांनी स्वतःच दारं वाढवली होती. त्यांना रडू आलं. "यशोधरे, माझं बोट जातंय गं," ते म्हणाले. यशोधराबाईंनी बशी काढून घेतली, त्यांना स्कूटीवर मागं बसवलं आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी औषध बदललं, इन्सुलिन सुरू केलं आणि मुदत दहा दिवसांनी वाढवली. भागुजींना पुण्याला जाण्यापेक्षा जड शिक्षा झाली. त्यांना घरात बसावं लागलं. ते कॉटवर पाय उंच ठेवून छपराच्या पत्र्याच्या पन्हाळी मोजायचे, पुन्हा मोजायचे आणि आकडा जुळला नाही की यशोधराबाईंना हाक मारायचे. साखर दोनशे चाळीसवर आली, मग एकशे ऐंशी, मग एकशे पन्नास.

मुदत संपली त्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि बोट सगळ्या बाजूंनी दाबून पाहिलं. भागुजींनी डोळे मिटून घेतले.

"तांबडं मांस धरलंय," त्या म्हणाल्या. "पेशी कामाला लागल्या, काका. बोट राहतंय."

बाहेर आल्यावर भागुजींना काय करू अन् काय नको असं झालं. त्यांनी समोरच्या टपरीकडे बघून ऐटीत हाक दिली, "दोन च्या! दोन्ही बिनसाखरेचे!"

"एक बिनसाखरेचा," यशोधराबाई म्हणाल्या. "माझ्यात दोन चमचे जादा घाल रे बाबा."

"आँ? तू तर फिकाच पितेस न्हवं?"

"तुमाला एकट्याला पिववायचा न्हाई, म्हणून पिते. तीन वर्सं झाली. मला अजिबात आवडत न्हाई."

भागुजी बायकोकडे वळले. "मग बोलली का न्हाईस कवा?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी तर डायरेक्ट टोचलं."

चहा आला. यशोधराबाई बाकावर बसल्या, पदर नीट घेतला आणि एकेक घोट चवीनं घेत राहिल्या. भागुजी आपला फिका पेला धरून पट्टीतल्या बोटाकडे बघत होते. कप रिकामा झाल्यावर त्या उठतील असं त्यांना वाटलं. यशोधराबाईंनी तो टपरीवाल्यापुढे केला आणि म्हणाल्या, "आनखी एक."