रंगीत साबुदाणा

सुखदाच्या डोक्यात औषधांचे वर्ग काही केल्या बसत नव्हते. रक्तदाबाच्या गोळ्या झोपेच्या गोळ्यांत शिरायच्या आणि आम्लपित्ताच्या अंगदुखीत. डी. फार्मच्या चाचणीत तिने हृदयाचे औषध जुलाबाच्या रांगेत बसवले, तेव्हा सरांनी भर वर्गात विचारले, हा पेशंट नेमका कुठल्या बाजूने दगावेल? सगळा वर्ग हसला. सुखदाने मात्र तिथेच मनाशी ठरवले, आता हे पाठ केल्याशिवाय राहायचे नाही.

घरी येऊन तिने साबुदाणा खायच्या रंगांत घोळवला, वाळवला आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत भरला. पिवळा रक्तदाबाचा, हिरवा झोपेचा, तांबडा अंगदुखीचा. बाटल्यांवर ठळक मराठीत नावे. औषधाचे नाव मोठ्याने म्हणायचे आणि बरोबर बाटलीतला दाणा उचलायचा. नवरा अवधूत इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीतून परतेपर्यंत स्वयंपाकघरात हाच जप चाले.

घरात तिसरे माणूस म्हणजे सासरे, आप्पाजी. निपाणीजवळच्या गावात पोस्टमास्तर होते. बायको गेल्यावर मुलाकडे बंगळुरूला आले आणि इथे त्यांचे बोलणेही खुंटले, झोपही. एका दुपारी सून कॉलेजात असताना त्यांनी ‘झोप’ वाचून हिरवा दाणा गिळला आणि दिवेलागणीपर्यंत घोरले.

असे गुणकारी औषध एकट्याने खाणे पोस्टमास्तरांच्या स्वभावात नव्हते. वरच्या मजल्यावर घरमालक नागराजअण्णा राहायचे. कैक पिढ्या बंगळुरात मुरलेले मराठा घराणे, मराठीत निम्मी कन्नड. त्यांना आप्पाजींनी पिवळा दाणा सुरू केला. समोरच्या अंबूबाईंच्या गुडघ्यांना तांबडा. मग अंबूबाईंची जाऊ आली, जावेची विहीण आली. दुपारी सून बाहेर पडली की ओसरी भरू लागली. बाटल्यांतले दाणे कमी होताना पाहून सुखदाला मुंग्यांचा संशय आला आणि तिने फळीवर हळद टाकली.

शेवटी अंबूबाईच चकल्यांचे ताट घेऊन आभार मानायला आल्या, तेव्हा तिला उलगडा झाला. पास व्हायच्या आधीच गल्लीभर औषध वाटल्याचे कॉलेजात कळले असते, तर नाव कापले गेले असते.

“आप्पा, तो नुसता साबुदाणा आहे हो,” ती म्हणाली.

आप्पाजींनी हिरवी बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, “असेल. पण गुण आहे.”

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. पुस्तक मिटून सुखदा दारोदार खरे सांगत निघाली. अंबूबाई समजूतदारपणे हसल्या. घरच्या औषधाचे गुपित कुणी सांगत नसते, त्यांनी तिलाच समजावले. नागराजअण्णांकडे मात्र भलतेच निघाले. पिवळा दाणा मानवतोय म्हणून त्यांनी डॉक्टरांची गोळी कधीच बंद केली होती.

“साबुदाणा म्हणतीस, मग माझं डोकं हलकं कसं झालं?” अण्णांनी विचारले. “औषध संपलं असेल तर सरळ सांग. राग नाही.”

सुखदाने त्यांच्या उंबऱ्यावर बैठक मारली. कुठली गोळी लघवी वाढवून दाब उतरवते, कुठली हृदयाचे ठोके आवरते, कुठली शिरा सैल करते, आणि यातले एकही काम साबुदाण्याला का जमत नाही, हे तिने सांगितले. अण्णा मान हलवायचे आणि शेवटी म्हणायचे, सरी, पटलं, पण मला तुझंच मानवतं. मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. चहा झाला, चहाची भांडी घासून झाली. अखेर कंटाळून अण्णा दाब मोजून घ्यायला तयार झाले.

डॉक्टरांनी पट्टा आवळला, काटा पाहिला आणि आधी अण्णांना खुर्चीतून उठवून आडवे केले. अण्णांनी बोलणी नंतर खाल्ली. गोळी पुन्हा सुरू झाली.

परतताना रिक्षात अण्णांनी गोळ्यांचे पाकीट खिशात घातले. मग हळूच म्हणाले, “गोळी घेतो मी. पण स्वल्प ऐक. दाणा खोटा आहे हे आप्पाजींना सांगू नको. माणूस किती दिवसांनी खुलला. मी संध्याकाळी येऊन त्यांचा दाणापण खात जाईन. त्यानं काय बिघडतं?”

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी नेमके रक्तदाबाचे वर्ग विचारले. उंबऱ्यावर इतक्यांदा सांगितलेले सुखदाने न अडखळता पुन्हा सांगितले. ती थांबेना, तेव्हा परीक्षकांनीच पुरे म्हटले.

संध्याकाळी ती परतली तेव्हा ओसरीवर अण्णा पिवळा दाणा गिळून गप्पा मारत बसले होते आणि आप्पाजी गावच्या मनीऑर्डरींचे किस्से रंगवून सांगत होते. अण्णा जिना चढून गेल्यावर आप्पाजींनी सुनेला जवळ बोलावले.

“पिवळा संपत आलाय. थोडा करून ठेव.”

“आप्पा, मी सांगितलं ना, तो साबुदाणा आहे.”

“माहीत आहे मला. तू सांगितलंस तेव्हाच पटलं,” आप्पाजी आवाज खाली घेत म्हणाले. “पण नागराजला कळू देऊ नकोस. बिचारा किती विश्वासानं येतो.”